अंबरनाथचे शिवालय आणि उल्हास खोऱ्यातील प्रेक्षणीय स्थळे

अंबरनाथ पूर्वेला, रेल्वे स्थानकापासून सुमारे दोन किलोमीटरवर, वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचे एक शिवालय उभे आहे. त्यातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष कोरलेले आहे. आज या मंदिराभोवती इमारती, रिक्षा थांबे आणि दुकाने दाटली आहेत. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने जाणाऱ्या बहुतेकांना अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही नावे फक्त स्थानकांची म्हणून ठाऊक असतात. प्रत्यक्षात ही तीन गावे मिळून एक मोठा नागरी पट्टा झाला आहे आणि मराठी वाचकाने एकदा तरी पायी फिरून पाहावा इतका जुना इतिहास त्यात आहे.

हा इतिहास उल्हास नदीच्या खोऱ्याने घडवला. सह्याद्रीत लोणावळा-राजमाची परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ आणि बदलापूर करत कल्याणजवळ खाडीला मिळते. कल्याण हे प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव येते आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांमध्येही कल्याणचे व्यापारी आहेत. बंदरात उतरलेला माल घाटवाटांनी देशावर जायचा. या वाटेवरच्या संपत्तीतून मंदिर उभे राहिले आणि वाटेवर नजर ठेवण्यासाठी डोंगरांवर किल्ले बांधले गेले. पुढे याच सपाटीवरून रेल्वे घाटाच्या पायथ्याशी पोचली. रेल्वे आणि पाणी दोन्ही हाताशी असल्याने कारखाने, लष्करी छावणी आणि निर्वासितांची वसाहतही येथेच आली. येथील स्थळे पाहताना हा धागा लक्षात ठेवला, तर एकमेकांपासून वेगळी वाटणारी ठिकाणे एकाच कथेत बसतात.

शिवालय कोणी बांधले

नवव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर शिलाहार घराण्याची सत्ता होती. हे राजे प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद ते अभिमानाने लावत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. शिलाहारांच्या एकूण तीन शाखा होत्या आणि उत्तर कोकणच्या शाखेचा कारभार स्थानक, म्हणजे ठाणे, येथून चाले.

अकराव्या शतकात या घराण्यातील छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तीन सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले. छित्तराजाचा शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा ताम्रपट भांडुपला मिळाला आहे. हे तिघेही विद्येचे चाहते होते. ‘उदयसुंदरीकथा’ या संस्कृत चंपूकाव्याचा कर्ता सोड्ढल याला तिघांच्याही दरबारात आश्रय मिळाला होता. अंबरनाथच्या मंदिराचा प्रारंभ छित्तराजाने केला आणि ते मुम्मुणीच्या काळात पूर्ण झाले, असे अभ्यासक मानतात.

मंदिराच्या उत्तर दाराच्या आतील बाजूस, वरच्या तुळईवर, शिलालेख आहे. त्यात महामंडलेश्वर मामवाणिराजदेव, म्हणजेच मुम्मुणी, आणि त्याच्या अधिकाऱ्यांची नावे येतात. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या लेखाचा अभ्यास केला. त्यांनी शकवर्ष ७८२ असे वाचले होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नंतर लेख पुन्हा तपासला आणि ते ९८२ असल्याचे दाखवले. एका आकड्याच्या या दुरुस्तीने मंदिराचा काळ दोनशे वर्षांनी पुढे आला आणि ते नेमके कोणत्या राजाचे, हेही ठरले. महाराष्ट्रातील बहुतेक प्राचीन मंदिरांचे वय केवळ शैलीवरून अंदाजाने सांगावे लागते. अंबरनाथला कोरलेले वर्ष मिळते, म्हणून इतर मंदिरांचा काळ ठरवतानाही अभ्यासक त्याचा आधार घेतात.

पांडवांनी हे मंदिर एका रात्रीत बांधले, अशी आख्यायिका परिसरात सांगितली जाते. महाराष्ट्रातील अनेक जुन्या मंदिरांना आणि लेण्यांना अशीच कथा जोडलेली आढळते. बांधणाऱ्याचे नाव विस्मरणात गेले, की लोकस्मृती इतक्या मोठ्या कामाचे श्रेय पांडवांना देते.

भूमिज शैली म्हणजे काय

अंबरनाथचे मंदिर भूमिज शैलीचे आहे. ही शैली माळव्यात परमार राजांच्या काळात बहरली. राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात तिचे वर्णन येते. मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यात उदयपूर येथे असलेले उदयेश्वर मंदिर हे तिचे सर्वात नावाजलेले उदाहरण. तेही अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलेच. महाराष्ट्रात सिन्नरचे गोंदेश्वर, मालेगावजवळ झोडगे येथील माणकेश्वर आणि धुळे जिल्ह्यातील बलसाणे येथील मंदिरांत ही शैली दिसते. कोकणात मात्र अंबरनाथइतके मोठे आणि इतके जुने भूमिज मंदिर दुसरे नाही.

भूमिज मंदिर ओळखण्याची खूण त्याच्या शिखरात असते. शिखराच्या चारही बाजूंना मध्यभागी एकेक उभा पट्टा तळापासून वरपर्यंत चढत जातो. त्याला लता म्हणतात. लतेवर जाळीसारखे नाजूक कोरीवकाम असते. दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती छोट्या खांबांवर बसवलेल्या असतात आणि त्यांच्या आडव्या-उभ्या रांगा वर निमुळत्या होत जातात. प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक ‘भूमी’, अर्थात मजला. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नाही. उरलेल्या भागातही लता आणि छोट्या शिखरांच्या रांगा स्पष्ट दिसतात, त्यामुळे मूळ उंचीची कल्पना करता येते.

तळापासूनची रचनाही याच तत्त्वावर आहे. चौरस थोडा थोडा फिरवत नेला, की त्याचे कोपरे बाहेर येतात आणि भिंतीला अनेक कोन पडतात. अंबरनाथला गाभारा आणि सभामंडप या दोन्हींच्या भिंती अशाच कोनाकोनांच्या आहेत. सूर्य सरकतो तसा प्रत्येक कोनावरचा उजेड आणि सावली बदलते, आणि अवजड दगडी भिंत हलकी भासते. बांधकाम काळ्या बेसॉल्टचे, म्हणजे सह्याद्रीच्या स्वतःच्या दगडाचे आहे. घडवलेले चिरे चुन्याविना एकमेकांत बसवले आहेत. बेसॉल्ट कठीण असतो. त्यात बारीक दागिने आणि वस्त्रांच्या चुण्या कोरायला पाथरवटाचा हात फार तयार असावा लागतो.

मंदिर कसे पाहावे

मंदिराचे तोंड पश्चिमेला आहे. सभामंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशी तीन दारे असून प्रत्येक दारापुढे खांबांवर उभा असलेला मुखमंडप आहे. पश्चिमेच्या मुखमंडपाशी नंदी आहे. बहुतेक भाविक इथून सरळ आत जातात. ज्याला शिल्पे पाहायची आहेत त्याने मात्र आधी बाहेरून प्रदक्षिणा करावी. डाव्या हाताला वळून उत्तरेकडून सुरुवात केली, तर मंदिर उजव्या हाताला राहते आणि भिंतीवरील मूर्ती शिल्पकाराने योजलेल्या क्रमाने समोर येतात.

प्रथम खाली जोत्याकडे पाहावे. जोत्याचे आडवे थर एकावर एक रचलेले आहेत. त्यात कीर्तिमुखांची आणि हत्तींची रांग आहे. मंदिराचा सारा भार हत्ती पाठीवर पेलतात, ही त्यामागची कल्पना. त्यावरच्या भिंतीला जंघा म्हणतात. देवदेवता, सुरसुंदरी, साधू आणि उपासक यांच्या मूर्ती या भागात आहेत. भिंतीच्या मोठ्या कोनाड्यांना देवकोष्ठ म्हणतात आणि मुख्य मूर्ती त्यांत बसवतात.

शिवाची अनेक रूपे येथे पाहायला मिळतात. हत्तीच्या रूपातील असुराला मारून त्याचे कातडे डोक्यावर उंच धरणारा शिव, नृत्यात रमलेला शिव आणि पार्वतीचे पाणिग्रहण करणारा शिव ही त्यांपैकी काही. विवाहाच्या प्रसंगाला शिल्पशास्त्रात कल्याणसुंदर म्हणतात. घारापुरीच्या लेण्यात हाच विषय सहाव्या शतकात कोरला गेला होता. दोन्ही जागा पाहिल्या, तर कोकणच्या शिल्पकलेत पाचशे वर्षांत काय बदलले ते कळते. घारापुरीच्या मूर्ती मोठ्या, भरीव आणि शांत आहेत. अंबरनाथच्या मूर्ती लहान, सडपातळ आणि दागिन्यांनी भरलेल्या असून त्यांच्या अंगात अधिक गती आहे. मांडीवर देवी असलेली एक तीन मुखांची मूर्ती एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांचे लक्ष वेधत आली आहे. दाढीधारी ब्रह्मदेव, नाचणारा गणपती आणि हाडांचा सापळा झालेली चामुंडा याही मूर्ती शोधून पाहाव्यात.

सुरसुंदरींची शिल्पे म्हणजे अकराव्या शतकातील कोकणच्या राहणीचा पुरावाच आहे. केशरचना, कानातली कुंडले, कमरपट्टे, पायांतले तोडे आणि नेसण्याच्या पद्धती यांचे बारकावे त्यांत टिपलेले आहेत. पाऊस, वारा आणि हातांचे स्पर्श यांमुळे अनेक चेहरे झिजले आहेत, काही मूर्तींचे हात तुटले आहेत. तरी शरीराच्या वळणातली लय शाबूत आहे.

बाहेरची प्रदक्षिणा झाली, की सभामंडपात जावे. मंडप चौरस असून एक बाजू सुमारे सात मीटर आहे. मध्यभागी चार स्वतंत्र खांब आहेत. खाली चौरस, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल असे त्यांचे आकार बदलत जातात आणि प्रत्येक भागावर कोरीवकाम आहे. डोळे अंधाराला सरावले, की वर छताकडे पाहावे. दगडांची वर्तुळे एकावर एक, प्रत्येक खालच्यापेक्षा थोडी आत सरकवून, हे घुमटाकार छत तयार केले आहे. त्यात कमान नाही. केवळ दगडाच्या वजनावर आणि तोलावर ते साडेनऊशेहून अधिक वर्षे उभे आहे.

खोलातला गाभारा

अंबरनाथचे सर्वात वेगळे वैशिष्ट्य म्हणजे गाभारा. बहुतेक मंदिरांत गाभारा मंडपाच्या पातळीवर किंवा थोडा उंच असतो. येथे मंडपातून सुमारे वीस पायऱ्या खाली उतरावे लागते. तळाशी शिवलिंग आहे आणि ते स्वयंभू मानले जाते. देव जिथे प्रकटला ती जागा बदलायची नाही, ही स्वयंभू लिंगाबाबतची श्रद्धा लक्षात घेतली, की मंदिर वर आणि देव खाली अशी रचना सहज समजते.

शिखराचा माथा नसल्यामुळे गाभाऱ्यात वरून उजेड उतरतो. माथा कोसळला की तो कधी पूर्णच झाला नव्हता, याबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत. गाभाऱ्याच्या भिंती बाहेरच्या भिंतींच्या तुलनेत साध्या आहेत. त्यामुळे बाहेरचा गजबजाट पाहून आत आलेल्या माणसाचे लक्ष आपोआप लिंगाकडे जाते. गाभाऱ्याच्या दाराची चौकट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे.

ही पूजेतली वास्तू आहे. रोज अभिषेक होतो, श्रावणी सोमवारी रांगा लागतात आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्या दिवशी दर्शन घडते, शिल्पे पाहणे मात्र जमत नाही. अभ्यासासाठी आडवारी, सकाळी लवकर किंवा दुपारनंतर जावे. सकाळचे ऊन मागच्या, म्हणजे पूर्वेच्या भिंतीवर पडते आणि दुपारनंतर पश्चिमेचे दर्शनी अंग उजळते.

जतनाची गोष्ट

१८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील, एक पथक सरकारने अंबरनाथला पाठवले. त्याने मंदिराचे आराखडे काढले, छायाचित्रे घेतली आणि शिल्पांचे साचे तयार केले. भारतातील मंदिराचे इतके तपशीलवार दस्तऐवजीकरण तेव्हा नवेच होते. आज झिजलेल्या एखाद्या मूर्तीचे मूळ रूप कसे होते हे समजून घ्यायला त्या कामाचा उपयोग होतो. अलीकडच्या काळात कुमुद कानिटकर यांनी या मंदिरावर स्वतंत्र ग्रंथ लिहून मूर्तींची ओळख आणि त्यांमागची शैव परंपरा उलगडली आहे.

मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अलीकडे येथे भरणाऱ्या शिवमंदिर कला महोत्सवामुळे संगीत आणि चित्रकलेच्या निमित्तानेही लोक या परिसरात येऊ लागले आहेत. तरीही मंदिराचे खरे आरोग्य शेजारच्या वालधुनीशी बांधलेले आहे. ही नदी अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातील डोंगरांत उगम पावते. तेथे रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या काळात बांधलेला तलाव असून तो आजही जी. आय. पी. तलाव म्हणूनच ओळखला जातो. ते नाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला या जुन्या रेल्वे कंपनीचे. वरच्या भागात स्वच्छ असलेली नदी शहरात शिरताच सांडपाणी आणि रासायनिक पाणी पोटात घेते आणि उल्हासनगरातून वाहत कल्याणकडे जाते. २०१४ च्या अखेरीस तिच्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना बाधा झाली होती. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. नदी पाहूनच शिलाहारांनी मंदिराची जागा निवडली होती. मंदिर जपायचे तर नदीही जपली पाहिजे.

कारखान्यांचे अंबरनाथ

रेल्वेमार्ग १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोचला. पुढे पाणी, सपाट जमीन आणि मुंबईची बाजारपेठ यांमुळे अंबरनाथला कारखाने आले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे गंधकाम्लाचे उत्पादन सुरू केले. त्यानंतर विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला आणि स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी. अनेक पिढ्यांच्या मराठी घरांत चूल पेटवणारी काडी अंबरनाथहून आलेली असे. या कारखान्यांत पर्यटकाला सहज प्रवेश नसतो. पण स्थानकाच्या दोन्ही बाजूंनी फिरताना जुन्या कामगार वस्त्या दिसतात आणि एका तीर्थक्षेत्राचे औद्योगिक शहर कसे झाले ते कळते.

उल्हासनगर: छावणीतून शहर

अंबरनाथला लागूनच उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर सैनिकांसाठी तात्पुरती छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या रिकाम्या बराकींत जागा देण्यात आली. सुमारे एक लाख माणसे येथे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसवली गेली आणि तिला उल्हास नदीवरून नाव मिळाले. शहराचे भाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच ओळखले जातात.

जुन्या बराकी आता फार थोड्या उरल्या आहेत. येथे पाहायचे ते बाजार आणि श्रद्धास्थाने. कापडासाठी गजानन मार्केट, किरकोळ वस्तूंसाठी जपानी बाजार, लाकडी सामानासाठी फर्निचर बाजार आणि जीन्सच्या शिलाईचा कॅम्प पाचमधला व्यवसाय यांची ख्याती दूरवर आहे. जमीन, घर आणि व्यापार मागे टाकून आलेल्या लोकांनी एका पिढीत हे उभे केले.

सिंधी समाजाचे आराध्य दैवत झुलेलाल. कॅम्प पाचमधील चालिहा साहेब मंदिरात सिंधमधून आणलेली ज्योत अखंड तेवत आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चाळीस दिवसांचे चालिहा व्रत पाळले जाते, तेव्हा मंदिरात मोठी गर्दी असते. सकाळी या भागात आलेल्या पाहुण्याने दाल पकवान जरूर खावे. कुरकुरीत पकवानावर हरभऱ्याची डाळ, चटणी आणि कांदा घालून मिळणारी ही न्याहारी सिंधी घरांतून आता शहरभर पसरली आहे. उल्हासनगरच्या उत्तरेला शहाड येथे बिर्लांनी बांधलेले विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर आहे. आषाढी एकादशीला पंढरपूरला जाऊ न शकणारे भाविक येथे दर्शनाला येतात.

मलंगगड

अंबरनाथहून दक्षिणेकडे पाहिले, की क्षितिजावर सुळक्यांची रांग दिसते. त्यातला भव्य कातळमाथा म्हणजे मलंगगड. उंची सुमारे ७९० मीटर. गडाचे तीन टप्पे आहेत. सर्वात खाली पीर माची, त्यावर सोने माची आणि सर्वात वर बालेकिल्ला. कल्याण बंदर आणि घाटवाटा यांवर एकाच वेळी नजर ठेवता येईल अशी ही जागा आहे. १७८० मध्ये, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कॅप्टन अॅबिंग्टनच्या तुकडीने गडावर हल्ला केला. खालचा भाग इंग्रजांनी घेतला, पण मराठ्यांनी वरचा किल्ला लढवत ठेवला.

पीर माचीवर हाजी मलंग बाबांचे स्थान आहे. मुस्लिम भाविक त्याला दर्गा मानतात, तर अनेक हिंदू भाविक ते मच्छिंद्रनाथांचे स्थान मानतात. दोन्ही समाजांचे लोक पिढ्यान् पिढ्या येथे येत आले आहेत. येथील व्यवस्थेत कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याची वंशपरंपरागत वहिवाट राहिली आहे. माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. पीर माचीपर्यंत पायऱ्यांची वाट असून वाटेत दुकाने आणि विसाव्याच्या जागा आहेत. बालेकिल्ल्याची वाट मात्र उभ्या कातळातून जाते. दोर आणि जाणकार सोबती असल्याशिवाय तिकडे जाऊ नये. पायऱ्या चढायला एक सकाळ पुरते. बहुतेक भाविक कल्याणहून बसने पायथ्याशी येतात.

बदलापूर आणि पाण्याचा प्रदेश

अंबरनाथच्या पुढचे स्थानक बदलापूर. पूर्वी ते भातशेती आणि आंबा-जांभळाच्या बागांचे गाव होते. मोठ्या, रसाळ आणि लहान बीच्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उन्हाळा संपत आला, की आदिवासी आणि शेतकरी बाया पानांच्या द्रोणांत ही जांभळे विकायला बसतात. शहराजवळ मुळगावच्या टेकडीवर खंडोबाचे देऊळ आहे. पायऱ्या चढून वर गेल्यावर भोवतालचे खोरे दिसते.

पावसाळ्यात सर्वाधिक गर्दी होते ती कोंडेश्वरला. डोंगराच्या कुशीत जुने शिवमंदिर, त्याशेजारी वाहणारा ओढा, कुंड आणि धबधबा असे हे ठिकाण आहे. मंदिर आणि वनश्री शांतपणे पाहण्यासारखी आहे. पण कुंडाची खोली वरून कळत नाही आणि डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक चढते. दरवर्षी येथे बुडून माणसे जातात, म्हणून प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते. ते आदेश पाळावेत आणि पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. उल्हास खोऱ्यातील पाण्याचा वेग किती असतो हे २७ जुलै २०१९ रोजी सर्वांनी पाहिले. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराने वेढली गेली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी सुखरूप बाहेर काढावे लागले.

बदलापूरच्या पूर्वेला बारवी धरण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण ठाणे जिल्ह्यातील कारखान्यांना आणि अनेक शहरांना पाणी पुरवते. धरणाच्या परिसरात प्रवेशावर निर्बंध असतात. मात्र तिकडे जाणारा रस्ता साग आणि ऐनाच्या रानातून जातो. हिवाळ्याच्या सकाळी पक्षी पाहायला तो उत्तम आहे.

डोंगर चढण्याची सवय असलेल्यांना बदलापूर-वांगणी पट्ट्यातून चंदेरी किल्ला गाठता येतो. चिंचवली गावातून वाट निघते. सुळक्याच्या तळाशी एक गुहा आहे आणि बहुतेक जण तिथवरच जातात. माथ्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. तिथे पोचायचे तर घसाऱ्याची आणि कातळाची वाट पार करावी लागते, म्हणून ती अनुभवी गिर्यारोहकांनीच धरावी. मलंगगड, टाहुली, नवरा-नवरी, म्हैसमाळ, चंदेरी आणि पेब हे सारे एकाच डोंगररांगेचे भाग आहेत आणि ही रांग पुढे माथेरानला जाऊन भिडते. माथेरानसाठी नेरळला उतरावे लागते. तेथून १९०७ मध्ये सुरू झालेली अरुंद मार्गाची छोटी गाडी डोंगर चढते.

प्रवासाची आखणी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, तर बदलापूर ६८ किलोमीटर आहे. लोकलने अंबरनाथला पोचायला सुमारे दीड तास लागतो. पूर्वेला उतरून रिक्षाने शिवमंदिर गाठता येते. एकच दिवस हाती असेल, तर सकाळी मंदिर, दुपारी उल्हासनगरचे बाजार आणि संध्याकाळी शहाडचे विठ्ठल मंदिर असा क्रम सोयीचा पडतो. मंदिरासाठी किमान दोन तास राखून ठेवावेत. दुसरा दिवस मलंगगडाला द्यावा. हाताशी आणखी वेळ असेल, तर कल्याणला खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला पाहावा. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराची उभारणी याच खाडीत सुरू झाली.

ऋतूंचा विचार केला, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला. तेव्हा शिल्पांवर स्वच्छ ऊन पडते आणि गडाच्या पायऱ्या चढताना दमछाक होत नाही. पावसाळ्यात धुतलेला बेसॉल्ट अधिक काळा आणि सुंदर दिसतो, पण जोते आणि गाभाऱ्याच्या पायऱ्या निसरड्या होतात. मंदिरात मूर्तींना हात लावू नये, त्यांवर कुंकू, तेल किंवा रंग लावू नये आणि दिव्याची काजळी कोरीवकामावर बसू देऊ नये. एका शिलाहार राजघराण्याने, आपली नावे मागे न सोडलेल्या शेकडो पाथरवटांच्या हातून, हे शिवालय उभे केले. त्याचे आयुष्य वाढवणे आता ते पाहायला येणाऱ्यांच्याही हाती आहे.